राडिशा आणि गरम सूप

राडिशाला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा खरं तर तो मला दिसलाच नाही. दिसला तो ताटल्यांचा डोंगर. नेगोतीनच्या बस स्टँडवर उतरून मी 'तीन मासे' या खाणावळीचं दार ढकललं मात्र, आणि अकरा ताटल्या, सुपाची दोन भांडी, लोणच्याच्या मिरच्यांचं एक घमेलं आणि वर पावांची टोपली असा सगळा लवाजमा वाफा सोडत माझ्या अंगावर चालून आला. खाली दोन काळे बूट होते. मला वाटलं, स्वयंपाकघरच जागेला कंटाळून बाहेर फिरायला निघालंय.

डोंगर माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "डावीकडे सरका, प्रोफेसर. उजवीकडे सूप आहे, ते ओळखपाळख बघत नाही."

मी डावीकडे सरकलो. गावात येऊन मला पुरती दहा मिनिटं झाली नव्हती. मी शाळेत भूगोल शिकवायला आलोय हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि शाळेतल्या मास्तरालाही आमच्याकडे प्रोफेसर म्हणतात हे खरं असलं तरी माझ्या कपाळावर ते लिहिलेलं नव्हतं. डोंगर रिकामा करून राडिशा परत आला, तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"शर्ट नवा, बॅग जुनी, पोट रिकामं," तो म्हणाला. "असा माणूस या गावात फक्त शाळेत नोकरीला येतो. बसा. तुम्हाला घेवड्याचं कालवण आणतो."

"मला सार्मा हवा होता."

"आज नको. कालच केलाय. सार्म्यासाठी परवा या."

मी परवा गेलो. कोबीच्या पानात गुंडाळलेला तो खिमा तीन दिवस मुरून असा काही झाला होता, की मी त्या दिवसापासून राडिशापुढे स्वतःचं मत मांडणं सोडून दिलं. पुढची सव्वीस वर्षं मी काय खायचं हे त्याने ठरवलं. माझं लग्न त्यानंतर झालं, पण त्या बाबतीत बायकोलाही राडिशाच्या मागे रांगेत उभं राहावं लागलं.

जेवण, दारू, भांडण आणि सोयरीक या चारही गोष्टी एकाच छपराखाली उरकतात त्या जागेला आम्ही काफाना म्हणतो. 'तीन मासे' हा आमचा काफाना. आत लाल चौकड्यांचे टेबलक्लॉथ, मधोमध लाकडाची शेगडी, भिंतीवर कुणाचा कोण ते आता कुणालाच ठाऊक नसलेल्या मिशाळ आजोबांचा फोटो. मासा फक्त उपासाच्या, म्हणजे मांस चालत नाही त्या दिवशी मिळायचा, तोही एकाच प्रकारचा. मालकीण देसांकाबाई. त्या स्वयंपाकघरात असायच्या, म्हणजे दिसायच्या कमी आणि ऐकू यायच्या जास्त. बाहेरचं सगळं राज्य राडिशाचं.

राडिशा दिसायला अगदी किरकोळ. मिशी पेन्सिलीने काढल्यासारखी, आणि डाव्या हातावर पांढरा नॅपकिन. तो नॅपकिन त्याच्या हाताला जन्मतःच होता अशी आमची समजूत होती. त्याने कधी काही लिहून घेतलं नाही. चाळीस माणसांची वरात आली तरी कुणाला राकियाची दारू प्लमची हवी आणि कुणाला जर्दाळूची, कुणाचं मटण चरबीचं आणि कुणाचं बिनचरबीचं, कुणाची सासू कुणाशेजारी बसवायची नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात.

आणि तो कधी बसला नाही. सव्वीस वर्षांत मी राडिशाला एकदाही बसलेलं पाहिलं नाही, आणि माझ्याआधी बारा वर्षं येणाऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. यावर गावात बरेच तर्क होते. गुडघे वाकत नाहीत, असं एक मत होतं. आमच्या टेबलावरचे ओब्राद म्हणजे जनावरांचे डॉक्टर, वजन एकशे वीस किलो. त्यांना आम्ही एकदा अधिकृत मत विचारलं.

"घोडा उभ्याने झोपतो," डॉक्टर पाव मोडत म्हणाले. "त्यात आजार काही नाही."

वर्षातून एक दिवस राडिशा सुट्टी घ्यायचा, मे महिन्यात, त्याच्या घराण्याच्या संताच्या दिवशी. त्या दिवशी आमच्याकडे कुणालाही आमंत्रण देत नाहीत, ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. राडिशाकडे सत्तरेक माणसं यायची. आता, आमची रीत अशी की त्या दिवशी घरचा यजमान बसत नाही. तो उभा राहून वाढतो. म्हणजे सबंध वर्षातली ही एकुलती एक सुट्टी राडिशा सकाळपासून दिवे लागेपर्यंत ताटल्या घेऊन उभ्याने घालवायचा. फरक एवढाच, की त्या दिवशी नॅपकिन इस्त्रीचा असायचा.

या माणसाची आयुष्यात एकच इच्छा होती, आणि ती सगळ्या गावाला पाठ होती. देसांकाबाईंचं गोमांसाचं सूप दुपारी ठीक बारा वाजता शेगडीवरून उतरायचं. वर सोनेरी ठिपके, आत केसासारख्या बारीक शेवया, आणि वाफ अशी की माझा चष्मा दोन मिनिटं कामातून जायचा. ते सूप बारा ते तीन राडिशा जगाला वाढायचा. स्वतः चार वाजता, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, उभ्याने प्यायचा. तोवर ते थिजलेलं असायचं आणि वर चरबीचा पापुद्रा धरलेला असायचा.

"निवृत्त झालो ना, प्रोफेसर," तो म्हणायचा, "की एकच करायचं. बारा वाजता शेगडीजवळच्या कोपऱ्यात बसायचं आणि हे सूप गरम प्यायचं. मग मेलो तरी चालेल."

"किती राहिली?"

"सोळा वर्षं."

मग नऊ राहिली. मग तीन. त्याची बायको रूझा हिला समुद्र बघायचा होता, पण ती इच्छा वेगळ्या यादीत होती आणि तिची वर्षं कधी कुणी मोजली नाहीत.

शेवटी तो दिवस आला. राडिशाच्या जागी देसांकाबाईंनी यागोदा नावाची बाई ठेवली. वय त्रेचाळीस, आधी कापडाच्या गिरणीत होती, गिरणी बंद पडली. कामसू, हसतमुख, पण वही वापरायची. राडिशाने ती वही पाहिली आणि तोंड असं केलं, की जणू पाद्रीबाबाने प्रार्थना चिठ्ठीवर लिहून आणली होती.

"लक्षात नाही राहात का?" त्याने विचारलं.

"राहतं, राडिशाकाका. पण लिहिलं म्हणजे खात्री."

"खात्री कशाची? माणूस समोर बसलाय की."

ऑक्टोबर संपताना एका रविवारी देसांकाबाईंनी निरोपाचं जेवण ठेवलं. शेगडीजवळच्या कोपऱ्यातलं टेबल. दोन बाजूंना भिंत, भिंतीच्या कोनात राडिशा, शेजारी रूझा, समोर मी, आणि उघड्या बाजूला बुचासारखे डॉक्टर ओब्राद. ही मांडणी देसांकाबाईंनी स्वतः केली होती. टेबलावर एक छोटी पितळी पाटी होती: 'राखीव, राडिशा'. म्हणजे हे टेबल आता रोज बारा वाजता त्याचं, कायमचं.

"आज उठलास तर तंगडं मोडीन," देसांकाबाई म्हणाल्या.

"नाही उठत, मालकीणबाई."

"उद्याही नाही. परवाही नाही. रोज यायचं आणि बसून जेवायचं."

राडिशा कोट घालून बसला होता. बसलेला राडिशा हे दृश्य आम्हाला इतकं नवं होतं, की जरा लाजल्यासारखं झालं, जसं ओळखीच्या माणसाला टोपीशिवाय पाहिलं की होतं. त्याचा डावा हात टेबलावर यायला तयार नव्हता. तो हवेत वाकडा करून, नॅपकिन नसताना, त्याने तसाच धरला होता.

बाराला सूप आलं. माझा चष्मा गेला. राडिशाने चमचा उचलला.

इथे चूक आमची झाली. आमच्याकडे मानाच्या जेवणात कुणीतरी ग्लास उचलून चार शब्द बोलल्याखेरीज चमचा बुडत नाही, आणि बोलणं सर्वांनी उभं राहून ऐकायचं असतं. डॉक्टर उठले. माझ्या शेजारच्या टेबलावरचे पोस्टमन आणि न्हावीही उठले. राडिशाही उठला, कारण मानकऱ्याला तर उठावंच लागतं. डॉक्टरांनी राडिशाच्या जन्मापासून सुरुवात केली. मध्ये एका गायीची आठवण निघाली. तिला जुळं झालं तेव्हा राडिशाने कंदील धरला होता म्हणे. मग मी बोललो. मी भूगोलाचा माणूस, राडिशाने टेबलांमध्ये चाललेलं अंतर मोजून ते पृथ्वीभोवती दोन फेऱ्यांइतकं होतं हे सिद्ध करायला मला वेळ लागला. मग पोस्टमन बोलला. मग न्हावी बोलला आणि रडला. मग राडिशाने उत्तर दिलं.

"धन्यवाद," तो म्हणाला. "सूप थंड होतंय."

ते झालंच होतं. देसांकाबाईंनी ती खोलगट ताटली उचलली आणि दुसरी आणली. वाफ आली, चमचा उचलला गेला, आणि दारापाशीच्या टेबलावरून हाक आली, "ओ, जरा मीठ द्या."

झायेचार गावाकडून आलेलं सहा जणांचं कुटुंब होतं. त्यांना आमच्या समारंभाशी काही देणंघेणं नव्हतं. यागोदा आत होती. डॉक्टर जागचे हलले नाहीत, रूझाने नवऱ्याची बाही धरली. राडिशा आम्हा सर्वांकडे एकदा माफी मागितल्यासारखं बघून टेबलाखाली गेला. आम्हाला पायांत काहीतरी हुळहुळल्यासारखं झालं, चौकड्यांचं कापड हललं, आणि कोट घातलेला राडिशा पलीकडून उभा राहून निघालासुद्धा.

मीठ देऊन तो परतला असता. पण त्या टेबलावरच्या आजी म्हणाल्या, "आम्ही मागवलेलं अजून आलं नाही हो." राडिशाने एकेकाला विचारलं, सहाही जणांचं डोक्यात घेतलं, आत गेला आणि सहा ताटल्या दोन हातांवर घेऊन आला. शिवाय आजीचं मांस त्याने आपण होऊन बारीक कापून आणलं होतं. यागोदा वही हातात धरून बघत राहिली. नंतर तिने मला सांगितलं, की वहीत त्या आजींचं नावसुद्धा नव्हतं, दात नसल्याचं तर लांबच.

तो पुन्हा टेबलाखालून कोपऱ्यात येऊन बसला. गुडघ्यांना धूळ लागली होती. दुसरं सूप थिजलं होतं.

"काय रे हे," रूझा म्हणाली. "एक दिवस."

"मीठ मागत होते," राडिशा म्हणाला.

तिसरी ताटली देसांकाबाई दोन्ही हातांत धरून घेऊन आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. स्वयंपाकघर सोडून बाहेर यायची त्यांना सवय नव्हती. कोपराला पीठ होतं. त्यांनी दारापाशीच्या टेबलाकडे असं पाहिलं, की मिठाची गरज कुणाला उरली नाही. न्हाव्याने कुणालाही न विचारता रेडिओ बंद केला. काफाना शांत झाला. मला आठवतं त्याप्रमाणे ही शांतता तिथे आधी एकदाच झाली होती, वीज पडली तेव्हा.

"पी," देसांकाबाई म्हणाल्या.

राडिशाने चमचा भरला, फुंकर न मारता तोंडात घातला आणि गिळला. अडतीस वर्षं वाट पाहिलेला घोट होता तो. आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे पाहात होतो. डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं हे लगेच कळलं नाही.

"कसं आहे?" देसांकाबाईंनी विचारलं.

"भाजतंय," राडिशा म्हणाला.

"अरे, गरम आहे म्हणून भाजतंय. चव कशी आहे?"

त्याने आणखी एक चमचा घेतला. तोंडातल्या तोंडात फिरवला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. सार्मा कालचा असेल तर कालचा सांगणारा माणूस.

"चांगलं असणार," तो म्हणाला. "चव कळत नाही. जरा निवू दे."

त्याने चमचा खाली ठेवला. मग आम्ही सगळे, जनावरांचे डॉक्टर, पोस्टमन, न्हावी, मी आणि रूझा, ते सूप निवताना बघत बसलो. वीस मिनिटं लागली. वाफ गेली, सोनेरी ठिपके एकमेकांना चिकटले, वर पापुद्रा धरला. तेव्हा राडिशाने ताटली जवळ ओढली आणि तळापर्यंत साफ केली.

"आता बरोबर आहे," तो म्हणाला.

देसांकाबाई आत गेल्या. बराच वेळ आतून कढया जागच्या जागी ठेवल्याचे आवाज आले. कढयांना तेवढा आवाज लागत नाही.

सोमवारपासून राडिशा रोज बारा वाजता येऊ लागला. पितळी पाटी सरळ करायचा, बसायचा, आणि पहिली हाक आली की जाग्यावर नसायचा. मंगळवारी त्याने खिडकीजवळची दोन टेबलं आवरली. बुधवारी पाव कापला. गुरुवारी यागोदा पेन्शनीत निघालेल्या राडिशाला स्वतः सूप वाढायला गेली, तर तो तिच्या हातून ताटली घेऊन, "अंगठा बुडू देऊ नये गं," असं अगदी हळू सांगून, ती सवयीने दुसऱ्याच टेबलावर देऊन आला. यागोदाने वही कपाटात टाकली आणि ओट्याशी बसून रडली. दहाव्या दिवशी देसांकाबाई बाहेर आल्या.

"राडिशा," त्या म्हणाल्या, "पाहुणा हो, नाहीतर घरी बस. तिचंही पोट आहे."

"खरंय," राडिशा म्हणाला. "उद्या जमवतो."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. देसांकाबाईंनी पाटी काढली नाही. बाराला त्या टेबलावर एक ताटली सूप ठेवलं जायचं आणि चारला उचललं जायचं. हिवाळाभर असं चाललं. विचारायला जाणं आमच्यातल्या कुणालाच जमलं नाही, कारण गेलो तर त्याने आम्हालाच बसवून उभ्याने जेवायला वाढलं असतं.

मार्चमध्ये मला शाळेच्या कामासाठी बेलग्रेडची बस पकडायची होती. बस स्टँडच्या मागे एक कँटीन आहे, स्टीलची, ट्यूबलाइटची, वेटर नसलेली. राडिशा तिथे खिडकीजवळ बसून कोमट सूप पीत होता. सध्या तो रोज तिथेच जेवतो. तिथे आपला ट्रे आपणच उचलून न्यावा लागतो, आणि खाऊन झाल्यावर परत आणून ठेवावा लागतो.