बाबानं बनवलेला पाय

"ताई, तो पाय काढून ठेवा आणि दारापासून चुलीपर्यंत सरपटत या. कॅमेऱ्याकडे बघू नका."

मुंबईची डायरेक्टर बाई मले हे बोलली तवा माझे बाबा समोरच खुर्चीवर बसले होते. अन् दुर्गजवळ मरोद्याच्या आमच्या घरी चूल नव्हतीच. गॅस आहे. अंगणात विटा मांडून चूल बाईच्या शूटिंगवाल्याईनंच सकाळी तयार केली होती. फ्रिजवर चादर टाकली. मी इस्त्रीची साडी नेसली तं बाई म्हणे, "जरा जुनी नाही का?"

टीव्हीवरच्या त्या कार्यक्रमात पाय नसलेल्याले पाय देतात. पयले रडणं, मंग पाय, मंग पुन्हा रडणं. आम्ही घरी सारेच पाहत होतो. अर्ज मीच भरला होता.

मी अकरा वर्षांची असताना ट्रेलरखाली डावा पाय गेला, गुडघ्याच्या खालून. दवाखान्यातला पाय दरसाल आखूड पडे. बाबा स्टीलच्या प्लांटमध्ये फिटर होते. त्याईनं स्वतः बनवला. अॅल्युमिनियमचा पाइप, तळव्याले कन्वेअर बेल्टचं जुनं रबर, तेही भंगारातून गेटपास बनवून आणलेलं. प्लांटचा माणूस, ट्रायलशिवाय काही चालू करत नाही. माझ्या दुप्पट वजनाचं तांदळाचं पोतं दोन दिवस त्याच्यावर लादून ठेवलं. वाकला नाही, तवा मले दिला. मी वाढली तसा पाइप बदलत गेले. विश्वकर्मा पूजेले पान्या-हातोडीच्या बाजूनं तोही पाय मांडायचा, कुंकू लावायचं. त्या दिवशी हत्याराले सुट्टी. मंग मी दिवसभर पाटावर बसून राहायची, अन् माय मले ताट हातात आणून द्यायची.

पण पाय जड आहे. प्लांटच्या कँटीनमध्ये ठेक्यावर काम करतो मी, आठ तास उभं राहून वाढायचं. सुपरवायझरनं साफ सांगतलं होतं, "बसना है तो घर में बैठो." गुडघ्याखाली पाय घासून झालेला घाव भरतच नव्हता. मले हलका पाय पायजे होता, नाहीतर काम जाणार होतं.

म्हणून सरपटली. खोटं कावून सांगू? तीन वेळा सरपटली. एकदा बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला, एकदा मी "चेहऱ्यावर जरा कमी दुःखी" होती. बाबा खाली फरशीकडं पाहत बसले. मले त्यायच्याकडं पाहाची हिंमत झाली नाही.

मंग खोक्यातून माझ्या मापाचा नवा पाय निघाला. घातला, गेटपर्यंत चालली. दुखलं नाही. आई शप्पथ, काहीच दुखलं नाही! तवा मी खरंच रडली.

बाईनं कचऱ्याचा डबा पुढं केला. "आता जुना पाय यात फेका. जोरात."

माझा हात उचलेना. तेवढ्यात बाबा उठले. जुना पाय उचलून स्वतःच डब्याकडं निघाले. "टाकू दे बेटा. तुले नवा भेटून राहिला ना."

मी त्यायचा हात धरला. म्हटलं, "हा माझ्या बापानं बनवला. कचऱ्यात नाही जाणार."

बाईचे डोळे चमकले. "वा! हेच परत बोला ना, कॅमेऱ्यात बघून."

तिथं माझं डोस्कं फिरलं. माझा रागही तिले पायजे होता! त्याचाही टेक घ्यायचा होता!

"नाही बोलत," मी म्हटलं. "डबा उचला."

"शॉट नाही तर पाय नाही, ताई. तुमची सही आहे कागदावर."

मी खाली बसली. नव्या पायाचे पट्टे सोडले, खोक्यात ठेवला. बाबाच्या हातातून जुना घेतला, बांधला, उठली. माय म्हणे, "पागल झाली का वं?" ते लोक सामान घेऊन गेले. चुलीच्या विटा तशाच पडून होत्या.

घाव अजूनही चिघळतो. गल्लीतले म्हणतात, पाच मिनिटांचं नाटक होतं, करून टाकायचं होतं. सरपटणं मीच केलं, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

आता सरकारी पायासाठी अर्ज दिला आहे. दर सोमवारी दुर्गच्या ऑफिसात जातो. पाय मले पायजेच, माझा हक्क आहे. पण मी पुन्हा जमिनीवर उतरणार नाही. मागीन तं उभी राहून मागीन, याच पायावर.