भाऊजी आधीच आत होते

भुतांच्या गोष्टी मी आजवर दुसऱ्यांना घाबरवायला सांगितल्या. स्वतः एकीवरही विश्वास ठेवला नाही. बावीस वर्षं बहारीनमध्ये एसी प्लांटची कामं करतोय. विचित्र आवाज आला की आधी बेअरिंग तपासणारा माणूस मी. पण हे ऐका...

गेल्या जानेवारीत ताई-भाऊजींचं क्रूझचं जहाज एक दिवस इथे थांबलं. सकाळी उतरायचं, संध्याकाळी पाचच्या आत परत. मी दोघांना बुसैतीनला घरी आणलं. दीडला जेवायला बसलो, हमूर माशाचं कालवण होतं. दोनच्या सुमारास भाऊजींनी अख्खी वाटी स्वतःच्या पांढऱ्या शर्टावर ओतून घेतली. जहाजावर काट्या-चमच्याने जेवून ह्यांचा हात बिघडलाय, असं ताईने जाहीर केलं. मी माझा जांभळ्या चौकड्यांचा शर्ट दिला. तो घालून त्यांनी आणखी भात घेतला.

साडेचारला बंदरावर पोचलो. भाऊजींचा गुडघा दुखत होता, म्हणून गेटवर माझं आयडी कार्ड ठेवून घेऊन मला बॅगसकट जहाजाच्या शिडीपर्यंत सोडलं. तिथे दोन गार्ड आणि एक मशीन. उतरताना कार्ड लावायचं, चढताना लावायचं, दर वेळी फोटो निघतो. ताईचं कार्ड लागलं, ती चढू लागली. भाऊजींचं लावलं... लाल दिवा.

नेपाळी गार्डबाई स्क्रीनकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "अंकल, आप तो अंदर हो."

मशीन सांगत होतं, भाऊजी एक वाजून दहा मिनिटांनी परत चढले. कार्ड तर दिवसभर त्यांच्या गळ्यात! मशीन बिघडलं असणार, मी म्हणालो. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. फोटोत भाऊजीच होते. अंगात माझा जांभळ्या चौकड्यांचा शर्ट.

मंडळी, एक दहाला तो शर्ट माझ्या कपाटात हँगरवर होता.

वर फोन गेला. केबिन उघडून पाहिली — रिकामी. पाचला वीस मिनिटं कमी. आत असलेल्या माणसाला मशीन पुन्हा आत घेत नाही, आणि भाऊजींचा पासपोर्ट जहाजाच्या ताब्यात. जहाज सुटलं असतं तर हा माणूस धक्क्यावर बिनपासपोर्टचा, आणि हृदयाच्या गोळ्या केबिनमध्ये. ताई शिडीच्या मध्यावर कठडा धरून उभी. "ह्यांना घेतल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही."

भाऊजींनी बँकेत तीस वर्षं लोकांच्या सह्या पडताळल्या. त्यांनी तो फोटो नीट बघितला आणि म्हणाले, "हा मीच आहे रे."

शेवटी ऑफिसरचा निरोप आला : आधी आतल्याला बाहेर काढा, मग ह्यांना आत घ्या. मशीनवर, अर्थातच. बाईने बटण दाबलं. टुंग. बाहेर.

आणि ताई एकदम कठड्याला चिकटली — अरुंद शिडीवर उतरणाऱ्याला आपण वाट देतो ना, तशी. खाली मी बॅगसकट बाजूला झालो. दुसरा गार्डही झाला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मग हिरवा दिवा लागला, भाऊजी चढले, जहाज वेळेवर सुटलं.

ताई अजून म्हणते, मशीनच बिघडलं होतं. मग तू कुणाला वाट दिलीस, विचारलं की फोन ठेवते. त्या दिवशी एक भाऊजी उतरले, एक चढले. चढलेले पुण्यात आहेत, ठणठणीत. उतरलेल्यांचं मला काहीच माहीत नाही.