छाती न कापता

मंडळी, आज दुपारी हॉस्पिटलात विम्याची मंजुरी आली. माझ्या हृदयाची झडप आता मांडीतल्या शिरेतून बसवतील. तीन दिवसांत घरी.

खरं सांगते, या महागड्या पद्धतीला विमा नाही म्हणेल अशी मला आशा होती. छाती कापावी लागली तर महिनाभर येऊन राहीन, असं मुलगा कॅनडाहून म्हणाला होता. त्याची खोली मी झाडूनही ठेवली.

लगेच फोन केला.

"मग छोटंच काम की, अम्मा. मी येऊ का?"

"कशाला? सुट्टी घालवू नकोस." हे मीच म्हणाले.

फोन ठेवला, तर डेस्कवरची मुलगी तमिळमध्ये म्हणाली, सोबतच्या माणसाचा पलंगही विम्यात बसतो, नाव सांगा.

इथल्या राजवाड्याकडच्या आपल्या मराठी गल्ल्यांतलं कोणी तीन दिवस मोकळं आहे का? मराठीत बोलणारं असलं तर बरं.