यल्लव्वाची छाट

यल्लव्वाचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. निपाणीत विड्या वळत होती तेव्हा चारला उठल्याशिवाय दिवसाच्या हजार विड्या पुऱ्या होत नसत. आता ती बेळगावात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. विड्या सुटल्या, चारला उठणं सुटलं नाही. नात शेजारी झोपलेली असते, दिवा लावता येत नाही. मग ती अंधारात बसून मनातल्या मनात वाक्यं कातरते आणि संध्याकाळी कागदावर वळते. विडीचंही असंच असतं. पान आधी कातरायचं, वळायचं नंतर.

मी बावीस वर्षं तिच्या शेजारी बसून विड्या वळल्या, म्हणून सांगते. चाळिसाव्या वर्षी ती साक्षरता वर्गात गेली. बाराखडी संपली त्या दिवशी म्हणाली, "आपल्या शेडवर चाळीस बाया हायत. एकेकीवर एक पान लिवणार." आम्ही हसलो. पान म्हटलं की आम्हाला तेंदूचंच दिसायचं.

तीस वर्षांनी ती खरंच लिहायला बसली. रोज सात ते साडेआठ. एकतीस पानं झाली. विडीच्या कामात वाईट विडी चेकर बाजूला काढायचा. तिला छाट म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही. यल्लव्वा स्वतःच चेकर. सैल वाक्य दिसलं की पान फाडते. एका पानामागे तीन छाट तरी निघतात.

बत्तिसावं पान जयाबाईचं. जयाबाई आमच्यात थोरली, नव्वदीला टेकलेली, अजून निपाणीतच असते. तिनं निरोप धाडला, "डावा कान गेला. उजवा हाय तवर माझं पान वाचून दाव."

लिहायला घर चांगलं होतं. मुलगा संघर्ष कॉलेजात शिकवतो. सात वाजता तो फोन घेऊन सोफ्यावर पडायचा. सून करिष्मा बँकेतून येऊन फोन घेऊन खुर्चीत बसायची. नात श्रिया आईच्या जुन्या फोनवर. कुणी कुणाशी बोलत नसे. लिहिणाऱ्या बाईला याहून जास्त काय पाहिजे?

मग कॉलनीला सुधारणा सुचली. शेजारच्या विद्युल्लताताईंनी सभेत मांडलं की माणसं माणसांशी बोलेनाशी झाली, तर रोज सात ते साडेआठ सगळ्यांनी मोबाइलचा उपास धरावा. टाळ्या पडल्या. संघर्ष 'संवाद' या विषयावर व्याख्यानं देतो, म्हणून त्याला कमिटीचा अध्यक्ष केलं. सात वाजता भोंगा वाजवायचा होता, पण त्याला परवानगी मिळेना. मग फोन ठेवायची आठवण फोनवरच येऊ लागली. फोन डब्यात ठेवल्याचा फोटोही ग्रुपवर टाकायचा होता. तो काढायला एक फोन डब्याबाहेर लागायचा.

उपास म्हटल्यावर काय चालतं, हे आलंच.

"टीव्ही चालतो," विद्युल्लताताई म्हणाल्या. "तो वरीच्या भातासारखा."

"आणि हे घड्याळ?" संघर्षनं मनगट दाखवलं. त्याच्या घड्याळावर मेसेज दिसतात.

"ते शेंगदाण्यांत धरा. पण पोटभर नको."

संघर्षच्या घरात टीव्ही नव्हता. मोठे फोन आल्यावर तो विकला होता. त्यामुळे या घराला निर्जळी पडली.

पहिल्या दिवशी तिघांनी फोन तांदळाच्या डब्यात ठेवले आणि समोरासमोर बसले. पाच मिनिटांत बोलणं संपलं. मग तिघंही यल्लव्वाकडे वळले.

"आई, तू लिही. आम्ही बघतो," संघर्ष म्हणाला.

त्यांनी बघितलं. पेन्सिल चालेना. मालक पाठीशी उभा राहिला की विडीवरची बोटं अशीच अडखळायची. संघर्षनं कागद ओढून घेतला.

"'जयाबाई लई हसायची.' आई, 'लई' नको. 'खूप' लिही."

"खूप हसणारी बाई आमच्यात नव्हती. लई हसणारी व्हती."

"आत्ती, ह्यात सक्षमीकरण घाला की जरा," करिष्मा म्हणाली. "असल्याला बक्षीस मिळतंय."

"कुठं घालू? तंबाखूत?"

"आज्जी, ह्यात भूत न्हाय?" श्रियानं विचारलं.

"हाईत की. समोर तीन बसल्यात."

तीन आठवडे असे गेले. ती स्वयंपाकघरात गेली तर तिघं मागोमाग आले, कारण उपासात एकत्र बसायचं असतं. गच्चीवर गेली तर तिथं कमिटीची संगीत खुर्ची चालली होती. सत्तरी ओलांडलेल्या बाईला खुर्च्यांभोवती पळवलं. जयाबाईची अकरा पानं लिहून झाली, अकराही छाट. दुसऱ्यानं कातरलेलं पान आपल्या हातात बसत नाही.

निपाणीहून जयाबाईच्या नातीचा फोन आला. उजव्या कानाशीही आता ओरडावं लागतंय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता करिष्मा आणि श्रियानं फोन डब्यात ठेवले. संघर्षनं फोटो ग्रुपवर टाकला आणि आपलाही फोन आत ठेवला. यल्लव्वानं दाराला कडी घातली, डबा उघडला आणि तांदूळ झटकून ज्याचा फोन त्याच्या हातात दिला.

"आई, मी अध्यक्ष हाय."

"म्हणून आधी फोटू काढू दिला न्हवं?"

"कुणाला कळलं म्हणजे?"

"कळायला भाईर कोण हाय काय बघ खिडकीतनं."

संघर्षनं बघितलं. गल्ली रिकामी होती. विद्युल्लताताईंच्या पडद्यामागं तळहाताएवढा निळा उजेड होता. एवढा लहान टीव्ही नसतो. संघर्ष फोन घेऊन सोफ्यावर पडला. घर गप्प झालं.

जयाबाईचं पान नवव्या दिवशी उतरलं. छाट तीनच. यल्लव्वा निपाणीला आली, मी तिला स्टँडवर घ्यायला गेलते. जयाबाईच्या उजव्या कानाला तोंड लावून तिनं पान वाचलं. 'लई' जिथल्या तिथं होतं. अर्ध्या गल्लीनं ऐकलं.

"छाट किती निघाली?" जयाबाईनं विचारलं.

"तीन. आधीच्या अकरा धरल्या तर चौदा."

"धर की. माझ्या लग्नालाबी कुणी एवढा येळ घातला न्हवता."

मग तिनं पान परत वाचायला लावलं.

त्या महिन्यात कॉलनीनं संघर्षच्या घराला 'आदर्श संवादी कुटुंब' म्हणून ढाल दिली. ती फोन चार्ज करायच्या टेबलावर ठेवली आहे. अडचण एकच उरली होती. उपासाआधी पोटभर बघून घ्यायची सवय लागल्यानं तिघांचा दिवसाचा डेटा आठच्या आत संपायचा, आणि संपला की तिघंही उठून यल्लव्वाभोवती येऊन बसायचे. अजून आठ बाया लिहायच्या राहिल्या होत्या. त्यांत मीही.

अडतीस वर्षं तंबाखू नाकात गेल्यावर तिला विड्यांची पेन्शन लागली. त्या पैशांना तिनं आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता, मुलालाही नाही. ते बँकेतून काढून ती खडेबाजारात वायफायच्या दुकानात गेली. दुकानदार आण्णाप्पानं खुर्ची दिली.

"आज्जी, किती स्पीडचं पायजे?"

"साडेआठपातूर कोण उठू ने, एवढ्या."