एकेकाला उठवणारे रशीदभाई

खरेदी केंद्रात नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से कापसासारखे साचतात. एक ढीग उचलेपर्यंत दुसरी गाडी खाली होते. माझ्याकडच्या निम्म्या ढिगात रशीदभाईच आहेत, त्याला माझा इलाज नाही.

नेरजवळचं आमचं केंद्र. कापसाची ती वर्षं फार वाईट होती. व्यापारी हात आखडून बसलेले, त्यामुळे सगळ्यांच्या बैलगाड्या आमच्याच दारात. रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत. कोणाची गाडी कधी आत घ्यायची याची यादी युनिक्सच्या सर्व्हरमध्ये होती, आणि गेटपास तिथूनच निघायचा. लाईट दिवसातून चारदा जायची. यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली. लाईट आली की मशीन सुरू व्हायचं, पण आतल्या सर्व्हिसेस, म्हणजे एकेक काम करणारे प्रोग्राम, झोपलेल्याच असायच्या. आधी यादी सांभाळणारा डेटाबेस, मग नंबर देणारी, मग प्रिंटरची, अशा तीन सर्व्हिसेस आमचे ऑपरेटर रशीदभाई हाताने कमांड टाइप करून सुरू करायचे. त्याआधी वीस वर्षं त्यांनी पाण्याच्या मोटारी वाइंडिंग केल्या होत्या.

*

नागपूरहून एक इंजिनियर आला. हे हाताने काय करता म्हणाला, आणि तासाभरात सगळं ऑटोमॅटिक करून दिलं. आम्ही खूश!

दुसऱ्या दिवशी लाईट जाऊन आली. सगळं आपोआप उठलं. पण डेटाबेस अजून जुनी यादी वाचतच होता, तेवढ्यात नंबरवाल्या सर्व्हिसने त्याची वाट न पाहता एकपासून सुरुवात केली. गेटवर एक नंबरची हाक गेली. खरा एक नंबरवाला तीन दिवसांपूर्वीच माप देऊन घरी गेला होता, तरी तीन जण ‘मीच’ म्हणत पुढे आले. भांडण मिटेपर्यंत दुपार झाली.

रशीदभाईंनी ते ऑटोमॅटिक काढून टाकलं आणि इंजिनियरला अदबीने विचारलं, “आपोआप उठते ते ठीक हाय साहेब. पण उठलं का नाही, हे कोन पायते?”

इंजिनियरने हे वाक्य डायरीत लिहून घेतलं.

*

कधीकधी चालू कामात ते मान वर करून म्हणायचे, “डेटाबेस बसला.” पाहावं तर खरंच बसलेला! स्क्रीनवर काही नाही, काउंटरवर तक्रार नाही. यांना कळतं कसं?

एकदा विचारलंच. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक सर्व्हरच्या डब्याला टेकवलं, त्याची मूठ कानाला लावली आणि मलाही ऐकायला दिलं. मी दहा मिनिटं ऐकलं. मला फक्त पंखा ऐकू आला.

*

त्यांच्या कीबोर्डवर एकही अक्षर उरलं नव्हतं. सगळी घासून गेलेली. मी त्यांच्या जागी बसलो की चाचपडायचो. शेवटी वैतागून म्हटलं, रशीदभाई, यावरची अक्षरं तरी रंगवून घ्या.

त्यांनी वाकून कीबोर्ड नीट पाहिला. “याच्यावर अक्षरं होती?”

*

एकदा ते बायकोला दवाखान्यात दाखवायला यवतमाळला गेले. जाताना मला तीन कमांड कागदावर लिहून दिल्या. त्या दिवशी भर दुपारी आभाळ भरून आलं, आणि त्यातच लाईट गेली. चाळीस गाड्या आत गेल्या होत्या. उरलेल्यांचा कापूस उघड्यावर होता, आणि ताडपत्र्या पुरत नव्हत्या.

लाईट आली. मी कागद समोर धरून एक, दोन, तीन कमांड टाकल्या. गेटपास निघाला, नंबर एक. सगळं बंद करून पुन्हा केलं. पुन्हा एक. लोक खिडकीला भिडले. यादी गेली असेल तर दोन दिवस ताटकळलेल्या गाड्या आणि आत्ता आलेल्या गाड्या सारख्याच होणार होत्या, आणि पाऊस कोणासाठी थांबणार नव्हता. तिसऱ्यांदाही एकच आला.

खिडकीशी शेवंताबाई म्हणून एक म्हातारी दोन दिवसांपासून बसून होती. तिचा नंबर एक्केचाळीस.

“बाबू,” ती म्हणाली, “तू चा नाही पेला.”

मी चिडलो. म्हटलं, मावशी, ही काय चहाची वेळ आहे?

“तो भाऊ पयलं लिवते, मंग चा मांगोते. पुरा पेते. कप उलटा ठेवते, अन् मंग दुसरं लिवते. तू कायले घाई करून राह्यला?”

मी सगळं बंद केलं. पहिली कमांड टाकली आणि चहा मागवला. दोनशे माणसं आभाळाखाली उभी राहून माझ्याकडे बघत होती आणि मी चहा पीत होतो. जीभ भाजली, पण शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. कप उलटा ठेवला. दुसरी टाकली. तिसरी टाकली.

प्रिंटर खरखरला. एक्केचाळीस.

पास फाडून खिडकीकडे धरला, तर शेवंताबाई तिथे नव्हती. मी कप उलटा ठेवला तेव्हाच ती उठून बैल जुंपायला गेली होती.