अंबिकाताईंचा फोटो

सुगंधा खेडेकर शांती नगरमध्ये तळमजल्यावरच्या घरात ब्लाउज शिवते. हॉलमध्ये मशीन, कोपऱ्यात पडदा लावून ट्रायलची जागा. गिऱ्हाईक आलं की नवऱ्याने टीव्ही बंद करून बाहेर चक्कर मारायला जायचं, हे इतक्या वर्षांत त्याला सांगावं लागत नाही. पलीकडच्या मुस्लिम वस्तीतल्या, नया नगरच्या बायकाही येतात. "दीदी, गला थोडा ऊपर," म्हणतात, आणि ती गळा तेवढाच वर घेते.

येणारी प्रत्येक बाई मापाचा ब्लाउज आणते. नीट बसणारा एक जुना सगळ्यांकडे असतोच. अंबिकाताईंकडे नव्हता. छातीचं ऑपरेशन झाल्यापासून जुना एकही त्यांच्या अंगाला बसेना. पुतणीच्या लग्नाआधी त्या आल्या तेव्हा सुगंधाने पडद्यामागे माप घेतलं, कच्चं अस्तर त्यांच्या अंगावर चढवलं, आणि पॅड कुठे बसवायचं ते लक्षात राहावं म्हणून मोबाइलवर फोटो काढला.

"चेहरा नाही घेत, ताई. माझ्याशिवाय कोणी बघणार नाही."

ताई भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.

फोटो शिलाईच्या अ‍ॅपमध्ये गेला. चिठ्ठ्या हरवतात म्हणून तिच्या मुलीने, क्षितिजाने, ते अ‍ॅप घालून दिलं होतं. नाव, माप, फोटो, खाली शेरा. ताईंच्या नावाखाली सुगंधाने लिहिलं, 'डावी बाजू काढली आहे. पॅड.'

यंदा गौरीच्या आधी, कामाच्या ऐन गर्दीत, अ‍ॅप उघडलं तर इंग्रजीत लांबलचक मजकूर आणि खाली बटण. तिने दाबलं. त्याशिवाय ऑर्डरी दिसत नव्हत्या.

संध्याकाळी क्षितिजाने ते वाचलं. "आई, यांनी नियम बदललेत. आपली मापं, फोटो, सगळं एआयला शिकवायला वापरणार. पुढे नुसत्या फोटोवरून मशीनच माप सांगेल."

"मग मी काय करायचं?"

"तू फॉल-बिडिंग कर."

सुगंधा हसली नाही. "अंबिकाताईंचा फोटो आहे त्यात."

क्षितिजाने बराच वेळ शोधून एक बटण बंद केलं, फोटो डिलीट केला. "आता पुढचं जाणार नाही. गेलं असेल ते परत मिळत नाही."

"ताईंना सांगायला हवं."

"कशाला? लाखो बायकांत त्यांचा फोटो कोण ओळखणार? उगाच चार जणींना सांगतील, मग कोणी यायचं नाही तुझ्याकडे."

ते सुगंधालाही कळत होतं. भांडायचं तिच्यात त्राण नव्हतं. पण ताईंच्या अंगाला पुन्हा हात लावायचा आणि गप्प बसायचं, तेवढंही त्राण नव्हतं.

गौरीसाठी शिवायला टाकलेल्या नव्या ब्लाउजच्या ट्रायलला ताई आल्या तेव्हा तिने आधी तेच सांगितलं. ताईंनी पर्स मांडीवर घेऊन सगळं ऐकलं.

"दाखव तो फोटो."

"डिलीट केला."

"मला बघायचा होता." ताई म्हणाल्या, "आरशात नाही बघत गं मी. म्हणजे त्या अ‍ॅपवाल्यांनी बघितलं, आणि मी नाही."

"चुकलं माझं, ताई. न वाचता दाबलं."

"मी तरी कुठे वाचलं असतं? हॉस्पिटलात किती सह्या केल्या, एक कागद वाचला नाही." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "पण तू म्हणाली होतीस, कोणी बघणार नाही."

"हो."

मग ताई मशीनवरचा ब्लाउज उचलून पडद्यामागे गेल्या.

"फोन कुठाय तुझा?" आतून आवाज आला.

"किचनमध्ये ठेवलाय."

"दार लाव किचनचं."

"किचनला दार नाहीये, ताई."

"मग राहू दे," ताई म्हणाल्या, आणि मागचे हुक लावायला त्यांनी तिला आत बोलावलं.