पाटावरचं शून्य

भाऊबिजेला माझ्या भावानं ओवाळणीत साडी न्हाई दिली, मीटर दिला. तो शिरूरला आयटीआयला वायरमनचं शिकतोय. मुठीत मावंल एवढं ते यंत्र, त्याला एक लाल आन् एक काळी वायर, टोकाला पिना. करंट बघायचा, सेल संपला का बघायचा, वायर आतनं तुटली का बघायचं, पाणी किती तापलं ते पण कळतं. मी नववीतनं शाळा सोडलेली, मला त्या खुणा वाचता येईनात, म्हणून त्यानं घरातल्या करंटच्या खुणेवर नेलपेंटचा लाल ठिपका दिला. माझ्या सासूला मी आत्या म्हणते. शेजारच्या बाया आल्या की आत्या सांगायच्या, हिच्या भावानं साडीच्या जागी डबडं दिलंय, आता सणाला हेच नेसंल. बाया हसायच्या. मी पण हसायची.

आम्ही खुटबावला राहतो. माझे मालक दौंडला ठेकेदाराकडं कामाला, तिथं फोन कपाटात ठेवावा लागतो. माझी पोरगी तवा आठ महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली, जे दिसंल ते धरून उभं राहायला बघायची. ऊन तापलं तसा मालकांनी पत्र्याचा जुना कूलर काढला. त्याच्या पिनेचा वरचा जाड दांडा आमच्या बोर्डात बसंना, तर त्यांनी तो पकडीनं मोडूनच टाकला आन् कूलर चालू केला. गार हवा आली, सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फरशी पुसत व्हते. ओला हात कूलरच्या पायाला लागला आन् कोपरापर्यंत मुंग्या आल्या. मी हात झटकला. आत्या म्हणाल्या, हात अवघडला आसंल. पण पोरगी त्याच पायाकडं बघत व्हती.

मी मीटर काढला. करंटच्या कामाला पाटावर उभं राहायचं, पायात चप्पल घालायची, हे आमच्याकडं सगळ्यांना ठावं. मी पाट घेतला, चप्पल घातली, ठिपक्यावर बटन आणलं. लाल पिन कूलरला लावली. काळी जमिनीला लावायची, असं भाऊ म्हणलेला. पाट जमिनीवरच हाय की, आन् ओल्या फरशीवर वाकायला मला भ्या वाटलं, म्हणून मी काळी पिन पाटावरच टेकवली. आकडे जरा वरखाली झाले आन् शून्य आलं.

मी आत्यांना म्हणलं, काही न्हाई, शून्य हाय.

आत्यांनी गोधडी कूलरपुढं पसरली, पोरीला घेऊन आडव्या झाल्या.

मी भांडी घासायला बाहेर गेले, पण हातात भांडं धरवंना. त्या मुंग्या खोट्या कशा असतील? शेवटी गोठ्याजवळ गेले, तिथंच फोनला रेंज येते, आन् भावाला सगळं सांगितलं. त्यानं पहिलं एवढंच विचारलं, "ताई, काळी पिन कुठं लावलीस?"

"पाटावर."

 तो म्हणाला, "लाकडातनं करंट जात न्हाई. ते शून्य पाटाचं हाय, कूलरचं न्हाई. पोरगी कुठं हाय?"

मी फोन तसाच टाकला आन् पळाले.  डोक्यात एकच, मी म्हणलं शून्य हाय, मीच म्हणलं. दारातनं बघितलं तर आत्यांचा डोळा लागलेला, पोरगी गोधडीवरनं उतरून ओल्या फरशीवर, एक हात वर केलेला, बोटं कूलरच्या पायाच्या वीतभर अलीकडं. वरडावं तर ती दचकून तेच धरंल. मी वरडले न्हाई. दाराशेजारचं मेन बटन खाली पाडलं. पंखा थांबला, कूलर थांबला, आन् तिनं तो पाय धरला. धरून उभी राहिली, माझ्याकडं बघून हसली.

मी तिथंच बसले. आत्या जागी झाल्या, म्हणाल्या, लाईट गेली व्हय?

पोरीला आत्यांच्या कडेवर देऊन त्यांना अंगणात उभं केलं. मग मेन बटन चालू केलं. कूलरशेजारीच न्हाणी हाय, तिच्या कडेच्या ओल्या मातीत काळी पिन रोवली, लाल कूलरला लावली. मीटरवर आकडा आला. एकशे अडुसष्ट. आत्यांना वाचता येत न्हाई, पण आकडा दारातनं दिसला, तीन अंकी हाय एवढं त्यांना कळलं.

"मगाशी तर शून्य म्हणली व्हतीस."

मशीन बिघडलं व्हतं म्हणता आलं असतं, त्यांना पटलं पण असतं. मी म्हणलं, "माझं चुकलं, आत्या. मी पाटावर मोजलं."

 आत्या पोरीला घट्ट धरून किती तरी वेळ अंगणातच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी मालक आले, त्यांना सांगितलं. त्यांचं तोंड उतरलं, फुटलेला करंट जमिनीत नेणारा अर्थिंगचा दांडा त्यांनीच मोडलेला. रविवारी भाऊ आला, दोघांनी मिळून खड्डा खणला, कोळसा-मीठ घालून अर्थिंगची पट्टी पुरली, नवा बोर्ड लावला. मी मोजलं, शून्य आलं. भाऊ म्हणाला, झालं की ताई. पण मला त्या शून्याचा इश्वास येईना. मी पिना आधी बोर्डाच्या भोकांत घालून बघितल्या, दोनशे तीसच्या आसपास आकडा आला, म्हंजी मीटर जागा हाय. मग परत कूलरला, काळी पिन मातीत. शून्य.

अजून मी रोज तसंच करते. कूलर चालू करायच्या आधी आत्या पोरीला उचलून अंगणात जातात, आन् तिथनं विचारतात, "काळी कुठं हाय?"

मातीत हाय म्हणलं की मगच आत येतात.